आत्याच्या सायकलचं हँडल

"वय झालं आता तिचं, दुसरं काय," दादा इतक्या सहज बोलून गेला की कुणी पाव मोडायचंसुद्धा थांबलं नाही. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. डिसेंबरातला रविवार, बडोद्यात समा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे जमलेलो, बाहेरून सेव-उसळ मागवलेली, पिशव्यांच्या गाठी सोडणं चालू होतं आणि त्यात विषय निघाला की आत्या परत पडता पडता वाचली. या वेळी तर सोसायटीच्या गेटपाशीच, स्पीड काही नव्हताच, समोर एक कुत्रं आडवं आलं आणि तिला वेळेवर हँडल वळवताच आलं नाही. दादाचं म्हणणं, सायकल वॉचमनच्या मुलाला देऊन टाकू, त्याला शाळेत जायला होईल. सगळ्यांना पटलं. वहिनी म्हणाली, बरोबर आहे, उद्या काही झालं म्हणजे? आत्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चिरलेल्या कांद्याची ताटली. ती काहीच बोलली नाही, टेबलावर ताटली ठेवली आणि लिंबू आणायला परत आत गेली. मला मांजलपूरला घरी येईपर्यंत आणि आल्यावरही तेच आठवत राहिलं. कारण आत्या गप्प बसणारी बाई नाही. तिच्याबद्दल चार माणसं काहीतरी ठरवतायत आणि ती लिंबू आणायला जाते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आत्या सायकल शिकली ती पोलो ग्राऊंडवर, आजोबांनी शिकवली. तेव्हा आमचं घर दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या बाजूला. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं ते तंत्रशिक्षणाचं कलाभवन त्यांच्या बोलण्यात रोज असायचं, आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तर ते जास्तच दिसायचं. प्रत्येक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, काम झालं की पुसून परत त्याच जागी. मुलीला सायकल येते म्हणजे चालवता येते एवढ्यावर त्यांचं भागत नसे. चेन चढवता आली पाहिजे, पंक्चर ओळखता आलं पाहिजे, आणि सायकल काय सांगतेय ते कळलं पाहिजे. आत्यानी पुढे शाळेत गणित शिकवलं, रिटायर होईपर्यंत सायकलवरच गेली, साडी नेसून, मागे जाळीचं साडीगार्ड, पुढच्या टोपलीत वह्यांचे गठ्ठे. काळी लेडीज सायकल, रॉडचे ब्रेक, घंटीचा आवाज थोडा बसलेला. एकादशीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरात जायचं तर सायकल, खंडेराव मार्केटमध्ये भाजी आणायची तर सायकल. दादाला शाळेत सोडलं ते ह्याच सायकलच्या कॅरियरवर. म्हणजे दादाला त्या सायकलबद्दल काही वाटत नाही असं मुळीच नाही, उलट त्याला फार वाटतं, आणि म्हणूनच तो घाबरलेला होता. काका गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतरचे महिने दादानी एकट्यानी काढलेत. त्याच्या डोळ्यांसमोर सारखं तेच असणार.

पण मला एक गोष्ट बसत नव्हती.

आत्याचे पाय ठणठणीत आहेत. तिसऱ्या मजल्यावर जिन्यानी चढते, लिफ्टला हात लावत नाही. नजर बरी आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलंय. आणि ती पडायला होत होती ती नेमकी हळू चालवताना, वळताना, गेटमधून निघताना. मोठ्या रस्त्यावर, जरा वेग असताना, तिची तक्रार नव्हती. माणसाचा तोल जातो तर तो असा ठिकाण बघून जातो का? मी तिला फोन केला दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आत्या, नक्की काय होतं गं? आधी म्हणाली, काही नाही, सोड, देऊन टाकू दे त्यांना. मग मी चिकटूनच बसले तेव्हा बोलली, "अगं ती ऐकत नाही. मी जरा इकडे म्हणते तर ती जातच नाही, आणि मग जाते ती एकदम जास्त जाते." आणि जरा थांबून, "पण मी दाखवली होती दुकानात. तो म्हणाला हेन्डल तो बरोबर छे बेन, हवे उंमर थई."

म्हणजे तिथेही तेच, वय झालं.

हे असं होतं ते कशामुळे, हे मला त्या फोनवरच बरंचसं कळलं होतं, पण आधी सायकल सरळ कशी चालते ते बघायला पाहिजे. खरं म्हणजे सायकल कधीच सरळ चालत नाही. पावसाळ्यात डबक्यातून सायकल बाहेर काढा आणि मागे वळून कोरड्या डांबरावरचे दोन ओले पट्टे बघा. मागच्या चाकाचा पट्टा बऱ्यापैकी शांत असतो, पुढच्या चाकाचा त्याला सारखा इकडून तिकडे ओलांडत जातो. आपण दर क्षणाला थोडंसं पडत असतो, आणि ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला पुढचं चाक जरासं वळवून सायकल परत आपल्या खाली आणत असतो. हे आपण करतो हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या एका ब्रिटिश रसायनतज्ज्ञानी मुद्दाम अशी सायकल बनवायचा घाट घातला होता की जी कुणाला चालवताच येऊ नये, म्हणजे कशामुळे ती उभी राहते ते कळेल. उलट्या दिशेनी फिरणारं जास्तीचं चाक लावून बघितलं, तरी सायकल चालवता आलीच. शेवटी पुढचं चाक हँडलच्या दांड्याच्या रेषेच्या मानानं खूप पुढे नेलं तेव्हा कुठे ती हट्टाला पेटली. मग २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी एक विचित्र छोटी सायकल केली, चाकांच्या फिरण्याचा परिणाम खोडून टाकलेला, पुढचं चाक हँडलच्या रेषेच्या जरा मागे जमिनीला टेकतं आणि मागोमाग ओढलं जातं ती नेहमीची सोयही काढून घेतलेली, तरी ढकलून सोडली की ती स्वतःची स्वतः तोल सांभाळत जायची. एक गोष्ट मात्र तिच्यातही शिल्लक होती, पडू लागली की हँडल त्याच बाजूला आपोआप वळायचं. वेग असला की ही मदत सायकल भरपूर करते. वेग कमी झाला की सगळं आपल्या हातांवर येतं, आणि हातांना वळवावं लागतं ते अगदी थोडं थोडं, पटापट.

आता हँडल जिथे फिरतं तिथे बघा. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला वर एक वाटी, खाली एक वाटी, त्यात छर्रे, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि त्यावर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी टेकलेली. वरून एक कोन, म्हणजे आटे पाडलेली लोखंडी कडी, आट्यांवर फिरवून खाली आणायचा, म्हणजे छर्रे बरोब्बर धरले जातात, आणि तो हलू नये म्हणून त्याच्यावर चेकनट. कोन सैल राहिला तर पुढचा ब्रेक लावला की खट्ट वाजतं आणि खडबडीत रस्त्यावर पुढचं सगळं डुगडुगतं, ते लगेच कळतं, कुणीही सांगेल. कोन जास्त घट्ट बसला तर मात्र कळतच नाही. सायकल स्टँडवर लावून दोन्ही हातांनी हँडल फिरवा, फिरतं. हातात केवढा जोर असतो आपल्या! तेवढ्या जोराला तो अडथळा जाणवतच नाही. पण चालताना लागणारं ते इवलंसं वळण, तेवढ्याला तो अडून बसतो. जरा वळवायला जावं तर हँडल हलत नाही, मग नकळत जोर वाढतो, मग ते सुटतं आणि गरजेपेक्षा जास्त जातं, मग उलट्या बाजूला तेच. आत्यानी फोनवर अगदी हेच तर सांगितलं होतं. दुकानवाल्यानी हँडल फिरवून बघितलं, दादानी फिरवून बघितलं, दोघांनाही ते बरोबरच वाटलं, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते.

लहानपणी दांडिया बाजारात आमच्या घरापासून चार पावलांवर एक सायकलवाले काका बसायचे, पिंपळाखाली, समोर पत्र्याच्या घमेल्यात काळं पाणी. ते कुणाचीही सायकल आली की आधी एकच करायचे. फ्रेमला पुढच्या बाजूनी धरून पुढचं चाक उचलायचं आणि सायकल हळूच एका कुशीवर झुकवायची. हँडल स्वतःच्या वजनानं त्या बाजूला पडलं पाहिजे. मग दुसऱ्या कुशीवर. पडलं तर ठीक, अडलं तर पाना काढायचे. गिऱ्हाईक पंक्चरसाठी आलेलं असो नाहीतर घंटीसाठी, ही तपासणी व्हायचीच, आणि तिचे पैसे नसायचे. मी शाळेतून येताना तिथे उभी राहून बघत बसायचे. रबर सोल्यूशनचा तो गोडसर वास, कानस घासल्याचा आवाज, आणि ते झुकणारं हँडल, सगळं अजून डोळ्यापुढे आहे. तिथे आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे.

शनिवारी सकाळी मी समाला गेले. सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन स्कूटरच्या मागे. भिंतीवर अजून पाण्याची ती पिवळट रेघ होती, माझ्या छातीइतकी. बडोद्याच्या माणसाला ती रेघ समजवायला नको. २०२४ ची जन्माष्टमी, पाऊस थांबायचं नावच नाही, आणि विश्वामित्री धोक्याची २५ फुटांची खूण मागे टाकून ३५ च्याही वर गेली. समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, सगळीकडे घरात पाणी, मगरी कुठे निघाल्या त्याचे व्हिडिओ फिरत होते, आम्ही मांजलपूरहून नुसते फोन लावत बसलेलो आणि आत्याचा फोन लागत नव्हता. त्या पाण्यात ही सायकल पूर्ण बुडून होती. पाणी ओसरल्यावर गाळासकट तशीच पडून राहिली बरेच दिवस, कारण तेव्हा सायकलकडे बघणार कोण, काकांची औषधं, कागदपत्रं ह्याचंच सगळ्यांना. नंतर गणपतीच्या आसपास कधीतरी वॉचमननी ती कुठल्याशा दुकानात नेऊन दुरुस्त करून आणली. तेव्हा शहरातल्या प्रत्येक मेकॅनिककडे रांगा, सकाळपासून रात्रीपर्यंत गाळ काढायचं काम. कुणीतरी छर्रे धुतले, ग्रीस भरलं, आणि परत यायला नको म्हणून चेकनट आवळून टाकला. त्यानंतर आत्या लगेच बसलीही नाही सायकलवर, काकांचं चालू होतं ना. काही महिन्यांनी बसली तेव्हा सायकल वेगळी वाटली, आणि सगळ्यांनी धरून चाललं की मधल्या काळात सायकल तीच राहिली, आत्याच बदलली.

मी फ्रेमला पुढच्या बाजूनी धरून पुढचं चाक उचललं आणि झुकवलं. हँडल जिथे होतं तिथेच. आणखी झुकवलं, जवळजवळ आडवी होईपर्यंत, तरी हललं नाही. बोटानी ढकललं तर जरासं गेलं आणि तिथेच थांबलं. आत्या बाजूला शाल पांघरून उभी होती. तिनी ते बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, कारण आजोबांची मुलगी आहे ती, तिला त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

काम म्हणाल तर एवढंसंच. दोन मोठे पाने लागतात. हँडल काढावं लागत नाही, चाक काढावं लागत नाही. वरचा चेकनट सैल केला, तो निघताना एवढा करकरला की वरच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं. त्याच्याखाली दिव्याची पट्टी, ती जरा उचलली, मग कोन. कोन मागे फिरवला, थोडासा, घड्याळाचा काटा दोन-तीन मिनिटं जाईल तेवढा. झुकवून बघितलं, हँडल थोडं पडलं. अजून थोडा सोडला. ह्यात एक बारीक गोष्ट आहे, चेकनट परत आवळताना तो कोनाला खाली दाबतो, आट्यांमध्ये जी जरा जागा असते तेवढा कोन खाली बसतो, म्हणून आधी किंचित सैल ठेवूनच चेकनट लावायचा, आणि लावताना कोन दुसऱ्या पान्यानी धरून ठेवायचा नाहीतर तोही बरोबर फिरतो. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची, वरच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवून. तिथे खटका लागला तर सैल आहे. लागला नाही. परत चाक उचललं, झुकवलं, आणि हँडल आपलं आपण डावीकडे गेलं, मग उजवीकडे.

मधे एका जागी मात्र जरा अडत होतं, अगदी बारीक. ते का ते मला माहीत होतं, त्यावर पुढे येते.

आत्या बसली. पार्किंगमध्येच, दोन खांबांच्या मधून. पहिल्या फेरीला ती हँडल इतकं घट्ट धरून होती की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी ओरडले, आत्या, हात सोड जरा! दुसऱ्या फेरीला खांदे खाली आले. मग तिनी इंग्रजी आठ काढला खांबांभोवती, मग उलटा आठ, अगदी हळू, चालण्याच्या वेगानी, त्याच वेगात ज्यात ती पडायची. एक पाय जमिनीला लागला नाही. उतरली आणि सायकलला टेकून उभी राहिली, आणि मनगटं चोळत म्हणाली, "मी रोज बाम लावत होते गं इथे. म्हटलं संधिवात आला."

मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. आणि त्यानंतर चहा पिताना ती हळूहळू जे सांगत गेली ते सायकलपेक्षा पुष्कळ मोठं होतं. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणं तिनी बंद केलं होतं. रस्ता ओलांडताना कुणाची तरी वाट बघायची. लाईटबिलाचा हिशेब दोनदा तपासायची, आधी कधी नाही. सायकलवर तोल जातो म्हणजे बाकीचंही जात असणार, असं तिनी स्वतःशी लावून घेतलेलं. एक चेकनट जरा जास्त आवळला गेला आणि एक गणिताची मास्तरीण स्वतःच्या बेरजेवर शंका घ्यायला लागली. मला ह्याचा खरंच राग येतो. कुणा एका माणसाचा नाही, ज्यानी आवळला तो बिचारा पुराच्या गर्दीत काम उरकत होता. राग येतो तो ह्याचा, की म्हातारं माणूस म्हणतं सायकल ऐकत नाही, आणि आपण सायकलकडे वळून बघतसुद्धा नाही. हेच दादाच्या कॉलेजातल्या मुलानी सांगितलं असतं तर आधी सायकल दुकानात गेली असती. ऐकू येत नाही म्हणाले तर वय, टीव्हीचा स्पीकर बिघडलाय का कुणी बघत नाही. वाचता येत नाही म्हणाले तर वय, खोलीतला बल्ब किती मिणमिणता आहे ते बघा की एकदा!

आणि तरी मी काही बेफिकीर होऊन आले नाही तिथून. वय होतंच. एक दिवस खरंच असा येईल की सायकल अगदी ठीक असेल आणि आत्याला जमणार नाही. समाच्या रस्त्यावर गायी बसलेल्या असतात, रिक्षा उलट्या बाजूनी येतात, तरुण माणसंसुद्धा पडतात. तो दिवस आला की कोण सांगणार तिला? दादानी सांगितलं तर तिला आता खरं वाटणार नाही, आणि मी तर तिची सायकल दुरुस्त करून देणारी, मी कुठल्या तोंडानी सांगू? मी तिला हे विचारलं, सरळच. ती म्हणाली, "मला कळेल. पण आधी सायकल बघायची, मग मला." आजोबाच बोलले असं वाटलं.

दादाला मी संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, ग्रीस, कोन, झुकवून बघणं. तो बराच वेळ हं हं करत होता. मग म्हणाला, मी स्वतः फिरवून बघितलं होतं गं हँडल. मी म्हटलं, दोन्ही हातांनी बघितलंस, असं कळतच नाही ते. मग त्यानी विचारलं, परत घट्ट होईल का? आणि बाहेर रस्त्यावर जायचं तर निदान सकाळी सातच्या आत, असं सांगशील का तू तिला, माझं ऐकत नाही. ते मी सांगितलं, आणि ते तिनी ऐकलं. तेवढ्या वेळात फतेगंजपर्यंत जाऊन येते, येताना दूध आणते.

राहता राहिलं ते मधे अडणं. सायकल पुरानंतर गाळात उभी होती तेव्हा हँडल एका बाजूला वळलेलं होतं, छर्रे त्याच जागी बसून राहिले, त्यांच्याखाली वाटीला गंज चढला आणि बारीक खड्डे पडले. आता हँडल वळताना त्या जागी आलं की छर्रे त्या खड्ड्यांत उतरतात. सैल-घट्ट करून ते जाणार नाही. दांडिया बाजारचे काका अशा वेळी वाटी ठोकून बाहेर काढायचे आणि जरा फिरवून परत बसवायचे, म्हणजे खड्डे छर्ऱ्यांच्या वाटेतून थोडे सरकतात आणि काही दिवस निघतात. पण आत्याच्या सायकलला मला ते तात्पुरतं करायचं नाहीये. दोन्ही वाट्या, कोन आणि छर्रे नवीन आणलेत, सगळ्याला मिळून एका वेळच्या सेव-उसळीइतकेही पैसे लागले नाहीत. जुनं ग्रीस धुवायला रॉकेल आता सहज मिळत नाही, तर दादाला डिझेल आणायला सांगितलंय बाटलीभर. वाट्या ठोकताना फ्रेम धरायला माणूस लागतो, तेही तोच करणार आहे. आत्यानी आजोबांच्या पेटीतला लाकडी ठोकळा काढून ठेवलाय, लोखंडावर लोखंड ठोकायचं नाही म्हणून. तो माळ्यावर होता.

दादा विचारत होता, कुणी काढून दिला तिला.